१९६१ च्या आधी एक १९१३ होते

भारतातल्या व्यवस्थापन-शिक्षणाचा इतिहास कुणीही सांगो, आरंभ ठरलेला असतो: १९६१, कलकत्ता आणि अहमदाबाद इथल्या भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम). त्याआधी काळोख; त्यानंतर विद्यापीठांनी केलेली नक्कल. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेचे नाव या कथेत येते तेही ‘आयआयएम नसूनही बरी’ अशा शिफारशीने. हा समज इतका रुळला आहे की त्याला कुणी पुरावाही मागत नाही.

पूर्वपक्ष दुबळा करून खोडण्यात मौज नाही, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. तो म्हणतो: विद्यापीठांत शिकवले जाई ते वाणिज्य, म्हणजे जमाखर्च, बँकिंग, कायदा. हिशेबनीस घडवणे वेगळे, निर्णय घेणारा घडवणे वेगळे. अहमदाबादने हार्वर्डचा आणि कलकत्त्याने एमआयटीचा हात धरला, आणि विद्यापीठाच्या जोखडाबाहेर राहिल्यामुळेच त्यांना नवे काही करता आले. यातला जोखडाचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. अभ्यासक्रमातला एक विषय बदलायला किती समित्यांचे उंबरे झिजवावे लागतात, हे विद्यापीठात वावरलेल्याला सांगायला नको. पण दोष कबूल करणे वेगळे आणि जन्मतारीख खोडणे वेगळे.

ती तारीखच आधी पाहू. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय उभे राहिले १९१३ मध्ये. कलकत्ता विद्यापीठाच्या छत्राखाली समाजकल्याण आणि व्यवसाय-व्यवस्थापनाची संस्था निघाली १९५३ मध्ये. दिल्ली विद्यापीठाची व्यवस्थापन विद्याशाखा १९५४ ची. १९६१ ला आरंभ मानणाऱ्यांनी या तीन सालांचे काय करायचे ते सांगावे.

‘पण सिडनहॅम म्हणजे निव्वळ वाणिज्य!’ असे म्हणणाऱ्यांनी १९१८ साली त्या महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक कोण झाले ते आठवावे. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया आणि लंडन इथे अर्थशास्त्र अभ्यासून आलेला हा माणूस तिथे खतावणी लिहायला शिकवत होता काय? ज्याला आज आपण व्यवसायाचे ‘व्यापक भान’ म्हणतो, त्याचा पाया अर्थशास्त्र नाही तर दुसरा कशाचा?

आता साक्षीदाराकडे वळू. विद्यापीठाच्या सावलीत व्यवस्थापन खुरटते, असे म्हणायचे आणि आधार द्यायचा हार्वर्डचा! हार्वर्डची व्यवसायशाळा १९०८ मध्ये निघाली ती हार्वर्ड विद्यापीठातच. तिच्याही आधी, १८८१ मध्ये, व्हार्टन निघाली ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. पूर्वपक्षाचा मुख्य साक्षीदारच आमच्या बाजूने बोलतो. उलटतपासणीची गरजच काय?

राहिला नकलेचा आरोप. बजाज संस्था १९६५ ची, म्हणजे चार वर्षांनी धाकटी, हे खरे. पण तिच्या उभारणीत सहकार्य होते स्टॅनफर्डचे. अहमदाबादची उष्टावळ तिने घेतलेली नाही. शिवाय विद्यापीठाचा विभाग असल्याने तिच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची पदवी मिळे. आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार मिळाला तो २०१७ च्या कायद्याने. तोवर त्यांच्याकडे पदविका होती. पदविकेने त्यांच्या मुलांचे काही अडले नाही, हे उघड आहे. प्रश्न एवढाच, की औपचारिक मान्यतेत मागे कोण होते?

आणि या इतिहासांत जे सहसा येतच नाही, ते मला सगळ्यात मोलाचे वाटते. बजाज संस्थेत दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या जोडीला नोकरदारांसाठी तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रमही चालत आले: वित्त, विपणन, मनुष्यबळ. दिवसभर कचेरीत किंवा कारखान्यात राबलेला माणूस संध्याकाळी चर्चगेटला वर्गात येऊन बसायचा. केस, म्हणजे चर्चेसाठीचा धंद्यातला खरा प्रसंग, त्याला कागदावर वाचायला द्यावी लागत नसे. ती तो सकाळीच अंगावर घेऊन आलेला असे. थकलेला साहेब आणि त्याच्याहून थकलेला कारकून एकाच बाकावर. हे मुंबईचे शिक्षण आहे, लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले. अहमदाबादच्या निवासी आवारातल्या कोणत्या वर्गाची ही नक्कल, तेवढे पूर्वपक्षाने दाखवावे.