गुंज वजन कशी झाली

गुंजेची वेल कुंपणावर नाहीतर करवंदीच्या जाळीवर चढते. पावसाळा सरताना तिला फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे घोस येतात आणि पुढे शेंगा तडकून काळ्या डोळ्याची लाल बी दिसू लागते. तिचा गोड पाला विड्यात घालतात, घसा बसला की चघळतात. पण या रानवेलीने खरे राज्य केले ते सराफाच्या तराजूवर : 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. हा मान तिला का मिळाला, याचे ठरलेले उत्तर असे की निसर्गाने प्रत्येक गुंज अगदी सारख्या वजनाची घडवली आहे. हे उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही.

मनुस्मृतीत गुंजेला कृष्णल म्हटले आहे. तिथे सोन्याचा माष 5 कृष्णलांचा, तर चांदीचा फक्त दोनांचा, आणि असे 16 रुप्यमाष म्हणजे 32 कृष्णलांचे धरण. या धरणाच्या मापाची जुनी आहत (ठसे मारलेली) चांदीची नाणी साधारण 3.4 ग्रॅमची भरतात. त्यांना 32 ने भागले तर गुंज 0.106 ग्रॅमची ठरते. कंपनी सरकारने 1833 मध्ये तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा ठरवला. 96 ने भागल्यावर गुंज 0.121 ग्रॅमच्या पुढे जाते. वेलीवरची बी काही मधल्या काळात जड झाली नव्हती. बदलले ते राज्यकर्त्यांचे नाणे, आणि गुंज हे त्या नाण्याच्या एका अंशाचे नाव झाले होते. भास्कराचार्यांच्या लीलावतीतही (1150) दोन जवांची गुंज आणि तीन गुंजांचा वाल असे कोष्टकच आहे. अचूकपणा आला तो या हिशेबातून.

मग गुंजच का, जव किंवा तांदूळ का नाही, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. माझ्या मते उत्तर तिच्या सालीत आहे. धान्य ओल धरते, सुकते, त्याला कीड लागते. गुंजेची साल इतकी घट्ट की पाणीही सहजी आत शिरत नाही. पेरण्याआधी ती खरवडावी लागते. एक गुंज शेजारच्या गुंजेइतकी भरेलच असे नाही, पण आजची गुंज वर्षानेही जवळपास तेवढीच भरते. सराफाला हवे होते ते हेच : एकदा तोलून निवडलेल्या बिया डबीत वर्षानुवर्षे ठेवता याव्यात.

निवडणाराच लबाड असला तर? एका गुंजेत फसवणूक शक्य होती, यात वाद नाही. पण बी कुंपणावर फुकट मिळणारी. गिऱ्हाइकालाही ती आणून पडताळा घेता येई. शिवाय मूठभर सरमिसळ बिया घेतल्या की हलकी आणि भारी यांचा फरक बराचसा एकमेकांत जिरतो.

1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली आणि गुंज तराजूवरून उतरली. सालीचा गुण मात्र आजही लक्षात ठेवायला हवा. बीच्या आत अॅब्रिन हे जहाल विष आहे आणि ते अडून राहते ते त्या अखंड सालीमुळेच. म्हणून गुंजा फोडू नका, माळेसाठी टोचू नका आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.