परक्या शहरातल्या पलंगाची कुळकथा

युरोपातल्या कुठल्याही मोठ्या शहरात रेल्वेतून उतरलं, की हॉटेलच्या भाड्याच्या एका हिश्श्यात रात्र काढायची सोय मिळते. सहा, आठ, कधी बारा जणांची खोली. एकावर एक रचलेले पलंग, पलंगाखाली सामान ठेवायचा कप्पा, त्याला कुलूप आपलं आपण आणायचं. तळमजल्यावर सामाईक स्वयंपाकघर आणि एक लांबलचक टेबल. कोरियाची विद्यार्थिनी, ब्राझीलचा सुतार आणि ठाण्याहून पहिल्यांदाच एकटी निघालेली मुलगी इथे एका रात्रीपुरते शेजारी होतात. पाठीवर सॅक टाकून एकट्याने परदेश हिंडणं आज मराठी घरातल्या मुलामुलींच्याही आवाक्यात आलं, त्याचं श्रेय आपण स्वस्त विमानांना आणि मोबाइलवरच्या नकाशांना देतो. ते खरंच आहे. पण या दोन्हींच्या कितीतरी आधी हा पलंग आला, आणि तो आणला एका प्राथमिक शाळेच्या मास्तरांनी.

रिशार्ड शिरमान यांचा जन्म १८७४ चा, पूर्व प्रशियातल्या एका खेड्यातला. तो मुलूख आता पोलंडमध्ये आहे. शिक्षक म्हणून ते जर्मनीच्या पश्चिमेला, कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गेल्सेनकिर्शेनला आले आणि १९०३ मध्ये तिथून आल्टेनाला. आल्टेना हे लेन्ने नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेलं, तार ओढण्याच्या कारखान्यांचं गाव. अशा गावांतली मुलं धुरात वाढत आणि शाळा सुटली की कामाला जुंपली जात. तासा-दोन तासांवर जंगल असलं तरी ते पाहायला मिळेलच असं नाही. शिरमान मास्तर मुलांना वर्गाबाहेर काढत. झाडं, दगड, ओढे, शेतं हेच त्यांचं पुस्तक. पुढे त्यांनी एका दिवसाच्या फेऱ्या वाढवत कित्येक दिवसांच्या पदयात्रा काढायला सुरुवात केली, आणि तिथे प्रश्न उभा राहिला तो रात्रीचा. वीस-पंचवीस मुलं घेऊन निघालेल्या मास्तराने निजायचं कुठे? हॉटेल परवडणारं नव्हतं, आणि शेतकऱ्याच्या गोठ्यात जागा मिळेल की नाही हे त्याच्या मर्जीवर.

पायी भटकणाऱ्यांसाठी काहीच सोय नव्हती असं नाही. बोहेमियाच्या डोंगरात गिडो रोटर नावाच्या गृहस्थांनी १८८४ पासून विद्यार्थ्यांसाठी मुक्कामाच्या जागा उघडल्या होत्या. १९०१ मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्स गावी ‘वांडरफोगेल’ ही तरुणांची भटकी चळवळ संघटित झाली होती. गिटार घेऊन रानोमाळ हिंडणारी ती पोरं प्रसिद्धच आहेत. पण रोटर यांच्या जागा वरच्या शाळांच्या आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी होत्या, आणि वांडरफोगेलमध्ये मुख्यतः सुस्थितीतल्या घरांतली मुलं होती. तारकामगाराचा दहा वर्षांचा मुलगा यांपैकी कशातच बसत नव्हता. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. युथ हॉस्टेल ज्याच्यासाठी जन्माला आलं तो मोठा प्रवासी नव्हता. घराबाहेर पडण्याचं कुठलंच साधन ज्याच्याकडे नव्हतं, अशा मुलासाठी ते जन्माला आलं.

२६ ऑगस्ट १९०९. शिरमान आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आल्टेनाहून आखेनकडे पायी निघाले होते. ब्र्योल नदीच्या खोऱ्यात त्यांना जोराच्या वादळाने गाठलं. शाळांना सुट्टी होती, त्यामुळे तिथल्या गावची शाळा रिकामी होती. तिथे त्यांना आसरा मिळाला. एका शेतकऱ्याने अंथरायला गवताचा पेंढा दिला आणि रात्रीसाठी दूध दिलं. दमलेली मुलं झोपून गेली. बाहेर विजा कडाडत होत्या आणि मास्तर जागे होते. त्या रात्री त्यांना सुचलं ते असं: शाळेच्या इमारती सुट्टीत रिकाम्याच असतात, मग एकेका दिवसाच्या चालीच्या अंतरावर अशी एकेक जागा का असू नये?

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे काही वेगळं सांगायला नको. गडाच्या पायथ्याच्या गावी पोचायला रात्र झाली, की शाळेचा व्हरांडा किंवा मारुतीचं देऊळ गाठायचं, ही आपली जुनी रीत आहे. शिरमान यांचं मोठेपण हे, की एका रात्रीच्या निकडीतून त्यांनी कायमची व्यवस्था उभी केली. १९१० मध्ये त्यांनी कोलोनच्या वृत्तपत्रात लेख लिहून ही कल्पना मांडली. स्वतःच्या शाळेत सुट्टीच्या दिवसांत बाकं हलवून झोपण्याची सोय करून पाहिली. आणि मग त्यांना जागा मिळाली ती थेट किल्ल्यात.

आल्टेनाचा मध्ययुगीन किल्ला गावाच्या डोक्यावर उभा आहे. तिथला परगणा ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्याकडे येऊन १९०९ मध्ये तीनशे वर्षं झाली. त्या निमित्ताने पडझड झालेल्या किल्ल्याची पुनर्बांधणी सुरू होती. सरदारांच्या त्या वास्तूत १९१२ मध्ये जगातलं पहिलं कायमस्वरूपी युथ हॉस्टेल आकाराला आलं. निजायच्या खोल्या, स्वयंपाकघर, धुण्या-न्हाण्याची जागा आणि जाडजूड लाकडाचे तीन मजली पलंग. थोड्या जागेत जास्तीत जास्त मुलं झोपावीत म्हणून पलंग असे उभे रचले गेले. त्या खोल्या आजही संग्रहालय म्हणून जपून ठेवल्या आहेत. लिस्बनला किंवा प्रागला आपण शिडी चढून ज्या वरच्या पलंगावर जातो, त्याचं घराणं इथवर पोचतं.

दोन वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं आणि शिरमान सैन्यात गेले. १९१५ च्या नाताळात ते फ्रान्सच्या सरहद्दीवर, व्होज पर्वतातल्या बेर्नहार्डश्टाइन या डोंगरावर होते. जर्मन आणि फ्रेंच खंदकांमध्ये मोजक्या अंतराची उजाड पट्टी होती. मागच्या गावांतून नाताळच्या घंटा ऐकू आल्या आणि दोन्हीकडच्या शिपायांनी आपणहून बंदुका खाली ठेवल्या. वापरात नसलेल्या भुयारांतून ते एकमेकांकडे गेले. फ्रेंचांनी वाइन, कोन्याक आणि सिगारेटी दिल्या. जर्मनांनी काळा पाव, बिस्किटं आणि मांस दिलं. वरिष्ठांनी शिस्त लवकरच पुन्हा बसवली, पण शिरमान यांनी हा प्रसंग पुढे लिहून ठेवला. देशोदेशीच्या तरुणांना एकमेकांना भेटायला, ओळखायला जागा मिळाली तर काय होईल, हा विचार त्यांच्या मनात तिथे घट्ट झाला. १९०९ च्या रात्रीने हॉस्टेलला छप्पर दिलं. त्या छपराखाली परदेशी माणूसही यावा, ही कल्पना मात्र खंदकातून आली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण प्रवासवर्णनांत हॉस्टेलचा उल्लेख नेहमी फक्त स्वस्ताईसाठी होतो.

युद्धानंतर, १९१९ मध्ये, विल्हेल्म म्युंकर या उद्योजकाच्या साथीने जर्मन हॉस्टेल संघटनेला देशव्यापी रूप आलं. मास्तर स्वप्न पाहणारे, म्युंकर हिशेब आणि व्यवस्था सांभाळणारे. १९२२ मध्ये शिरमान यांनी नोकरी सोडून या कामाला वाहून घेतलं. १९३२ पर्यंत जर्मनीत दोन हजारांहून जास्त हॉस्टेल झाली होती. इंग्लंड-वेल्सची संघटना १९३० मध्ये निघाली, तिथे एका रात्रीला एक शिलिंग पडे. ऑक्टोबर १९३२ मध्ये अॅमस्टरडॅमला युरोपातल्या संघटनांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्याचं अध्यक्षपद पुढच्या वर्षी शिरमान यांच्याकडे आलं. अमेरिकेतलं पहिलं हॉस्टेल १९३४ मध्ये इझाबेल आणि मन्रो स्मिथ या शिक्षक दांपत्याने मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्डला उघडलं. तिथेही पुन्हा शिक्षकच.

त्या काळच्या हॉस्टेलचे नियम आजच्या प्रवाशाला कडक वाटतील. पायी किंवा सायकलवर यायचं. मोटारीतून येणाऱ्याला ब्रिटनमध्ये कितीतरी वर्षं प्रवेशच नव्हता. रात्री ठरलेल्या वेळी दार बंद. दिवसा हॉस्टेल रिकामं करायचं. अंथरायला चादरीची शिवलेली पिशवी स्वतःची आणायची. सकाळी निघण्याआधी प्रत्येकाच्या वाट्याला एक काम यायचं: कुणी केर काढायचा, कुणी बटाटे सोलायचे, कुणी भांडी घासायची. देखरेखीला एक कुटुंब तिथेच राहायचं. जर्मनीत त्या जोडप्याला ‘हॉस्टेलचे आईबाबा’ म्हणत. नोकर ठेवले असते तर भाडं वाढलं असतं, आणि भाडं वाढलं असतं तर ज्या मुलांसाठी हे उभारलं तीच बाहेर राहिली असती. नियमांमागे असा सरळ हिशेब होता. त्यातून एक संस्कारही आपोआप घडला. ज्या घरात आपण झाडू मारतो, ते एका रात्रीपुरतं का होईना, आपलं होतं.

मग अंधार आला. १९३३ मध्ये जर्मनीतली हॉस्टेल हिटलर युथच्या ताब्यात गेली. देशोदेशीच्या मुलांना भेटवण्यासाठी बांधलेल्या खोल्यांत द्वेषाची कवायत सुरू झाली. १९३६ मध्ये शिरमान यांना आंतरराष्ट्रीय अध्यक्षपद सोडायला भाग पाडलं गेलं. स्वतः उभारलेलं घर डोळ्यांदेखत असं बदलताना त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी आणि म्युंकर यांनी मोडलेलं काम पुन्हा उभं केलं. १९६१ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, शिरमान गेले.

त्यानंतरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून ती भराभर सांगतो. १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची सॅक बनवून विकायला सुरुवात केली. कमरेच्या पट्ट्यामुळे खांद्यावरचं ओझं कमरेवर आलं. १९७२ मध्ये युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी ‘इंटररेल’ पास काढला. एकाच पासावर एकवीस देश खुले झाले. त्याच सुमारास इस्तंबूलहून तेहरान, काबूल करत दिल्ली, काठमांडू आणि गोव्यापर्यंत येणारी वाट गजबजली होती. इस्तंबूलच्या सुल्तानअहमेत भागातल्या ‘लाले’ या खानावळीत एक फळा होता. ‘सोबत हवी आहे’, ‘गाडीत एक जागा आहे’, असे निरोप एकटे निघालेले लोक त्यावर टाचून ठेवत. १९७३ मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी याच वाटेवरच्या अनुभवांची एक छोटी पुस्तिका काढली आणि ‘लोनली प्लॅनेट’ सुरू झालं. १९७९ मध्ये इराणची क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आल्या आणि ती वाट बंद पडली. पुढे खासगी हॉस्टेल निघाली. दार रात्रभर उघडं राहू लागलं, वयाची अट गेली, केर काढायचं काम गेलं.

आपल्याकडे अशी संघटना म्हणजे युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया. महाराष्ट्रातल्या पुष्कळांनी हिमालय पहिल्यांदा पाहिला तो या संघटनेच्या मोहिमांतून. कसोलच्या तळावरचे तंबू, सार पासची चढण, ताट-वाटी स्वतःची आणायची आणि स्वतःच धुवायची हा दंडक, हे सगळं कितीतरी घरांत अजून आठवणीने सांगितलं जातं. त्या ताट-वाटीचं मूळ शिरमान मास्तरांच्या व्यवस्थेत आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

परदेशात एकट्याने फिरताना माणूस काय शिकतो, असं विचारलं की धाडस, आत्मविश्वास असे मोठे शब्द पुढे येतात. मला त्यापेक्षा बारीक गोष्टी मोलाच्या वाटतात. पहाटेची गाडी असेल तर सॅक आदल्या रात्रीच भरून ठेवायची, कारण चार वाजता प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली की सात जण जागे होतात. दिवा लावायचा नाही, टॉर्च तळव्याने झाकून धरायचा. फ्रिजमधल्या डब्यावर नाव आणि तारीख लिहायची. शहर सोडताना उरलेलं तेल, मीठ, तांदूळ सगळ्यांसाठी राखलेल्या फळीवर ठेवून जायचं. आज आपण ज्या मिठावर भागवलं तेही असंच कुणीतरी ठेवलेलं असतं. आपल्या ठाण्याच्या मुलीने त्या टेबलावर कांदेपोहे केले, की चमचे घेऊन चार जण बसतात आणि त्यातल्या कुणाला तरी दुसऱ्या दिवशी त्याच गावाला जायचं असतं. एकट्या माणसाला सोबत मिळते ती अशी, आणि नको असेल तेव्हा पलंगाचा पडदा ओढून घेण्याची मुभाही तिथेच असते. एकट्याने हिंडणं शक्य झालं ते या सामाईक खोलीमुळे. ती नसती तर एकट्याचा प्रवास पैसेवाल्यांचाच राहिला असता, आणि हॉटेलच्या बंद दारामागे तो खरोखरच एकाकी झाला असता.

अलीकडे काही हॉस्टेल चकचकीत होत चालली आहेत. खोल्या सुंदर, कॉफी उत्तम, पण सामाईक स्वयंपाकघर काढून तिथे बार थाटलेला. माझं मत स्पष्ट आहे: ज्या हॉस्टेलात स्वयंपाकघर नाही, ते स्वस्त हॉटेल आहे.

म्हणून जे निघणार आहेत त्यांना एवढंच सांगणं. परवडत असलं तरी चार रात्री तरी सामाईक खोलीत काढा. मुलींनो, फक्त स्त्रियांसाठीची खोली बहुतेक ठिकाणी असते, ती मागून घ्या. कुलूप आणि चादर घरून न्या. आणि निघताना, कुणी सांगितलं नसलं तरी, आपली भांडी घासून शेजारची एक कपबशीही विसळून ठेवा.