देवमाशाची हरवलेली शेगडी

‘देवमासा बर्फाळ समुद्रात गारठत का नाही?’ असे वर्गात विचारले, तर मुले चरबीचे नाव घेतात. उत्तर बरोबरच आहे. पण चरबी दोन प्रकारची असते आणि त्यातल्या दुसरीची हकिगत पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

१५५१ साली झ्युरिकच्या कॉनराड गेसनरने मार्मोट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्याच्या खांद्यांमध्ये एक विचित्र ऊती नोंदवली. ती धड चरबी नव्हती, धड मांसही नव्हते. पुढे तिला ‘शीतनिद्रेची ग्रंथी’ असेही म्हटले गेले. ही तपकिरी चरबी म्हणजे शरीरातली शेगडी आहे, हे कळायला १९६० च्या सुमारापर्यंत थांबावे लागले. आपल्या तान्ह्या बाळांतही ती असते.

शेगडी पेटते कशी? पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये अन्नाच्या ज्वलनामुळे हायड्रोजनचे धनभारित कण पडद्यापलीकडे साठतात. ते परत येताना एटीपी तयार होते. धरणाचे पाणी जनित्रावर सोडावे, तसे. यूसीपी-१ हे प्रथिन मात्र वेगळेच दार उघडते. जनित्र टाळून पाणी वाहते आणि ऊर्जेची उष्णता होते.

इतकी सोयीची गोष्ट सगळ्या सस्तन प्राण्यांनी जपली असेल, असेच वाटत होते. २००६ मध्ये डुकरात या जनुकाचे तुकडेच गायब असल्याचे दिसले. २०१७ मध्ये १३३ सस्तन प्राण्यांची जनुके तपासली गेली, तेव्हा नाळ असलेल्या सस्तन प्राण्यांच्या १८ पारंपरिक गणांपैकी निदान ८ गणांत ते मोडलेले आढळले. त्यांत घोडे होते, लोकरी मॅमथ होते, आणि देवमासेही!

मोडके जनुक लगेच नाहीसे होत नाही, ही इतिहासकाराची सोय. दोन उत्तरपत्रिकांत एकाच शब्दाची एकच चूक सापडली, तर आपण काय ओळखतो? मूळ एकच. नातलग जातींमध्ये एकाच जागी तीच मोडतोड दिसली, तर ती त्यांच्या समाईक पूर्वजात झाली असली पाहिजे. अशा खुणांवरून काळ काढला, तेव्हा देवमाशांसह सहा वंशांतला ऱ्हास एकाच कालखंडात पडला. त्या सुमारे ३ कोटी वर्षांत पृथ्वी थंड होत होती.

थंडी वाढताना शेगडी गेली, हे उलटेच वाटते. पण त्याच काळात हे प्राणी आकाराने झपाट्याने वाढत होते. शरीर मोठे झाले, की वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी पडते आणि उष्णता सावकाश निसटते. अशा वेळी जनुक बिघडले तरी फारसे अडत नाही. देवमाशाकडे शिवाय जाड साधी चरबी आहे, आणि कल्ल्यासारख्या हातांत धमन्यांना बिलगलेल्या शिरा बाहेर जाणारी ऊब परत आणतात. (हात म्हणायचे, कारण हा मासा नव्हेच!)

तेव्हा ‘गरज होती म्हणून मिळाले’ हे आपले लाडके वाक्य इथे चालत नाही. थंड समुद्र गाठला तो शेगडीशिवायच. हे जनुक गमावलेल्या कुळांत आज जाती तुलनेने थोड्या आहेत, आणि या दोन गोष्टींचा संबंध असल्याचे त्याच २०१७ च्या अभ्यासात म्हटले आहे. एकदा मोडलेले जनुक पुन्हा दुरुस्त होण्याची शक्यता जवळपास नसतेच. मग थंड प्रदेशात उंदराएवढे होऊन राहणे अशा वंशाला फार अवघड जाते.