परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती : कृपा, हक्क आणि विषयनिवड

जातकट्ठकथेतील चित्त-संभूत जातक आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असेल. उज्जयिनीच्या चांडाळवस्तीतील हे दोन भाऊ नगरद्वारी आपली कला दाखवीत असता श्रेष्ठी व पुरोहित यांच्या कन्यांच्या दृष्टीस पडले. एवढ्याच कारणावरून त्यांना मारहाण झाली. आपल्या दुःखाचे मूळ आपल्या जन्माला चिकटविलेल्या नावात आहे हे ओळखून ते ब्राह्मणकुमारांच्या वेषात तक्षशिलेस गेले व आचार्यांपाशी विद्या शिकू लागले. चित्त विद्येत निपुणही झाला. परंतु एका भोजनप्रसंगी गरम घासाने संभूताचे तोंड पोळले आणि त्या गडबडीत दोघे भाऊ आपल्या वस्तीच्या बोलीत बोलून गेले. सहाध्यायांनी त्यांना ओळखले, मारले व हाकलून दिले.

जातककथा म्हणजे इतिवृत्त नव्हे. तथापि ज्या समाजात ती सांगितली गेली, त्या समाजाची रीत तिच्यात उमटल्यावाचून राहत नाही. दूरदेशी जाऊन विद्या मिळविण्याची वाट कोणासाठी खुली आहे, आणि त्या वाटेने जाणाऱ्याने कोणती किंमत मोजायची, हा प्रश्न आपल्या देशात असा फार जुना आहे. शासकीय शिष्यवृत्त्यांच्या न्याय्य वाटपाचा विचार आम्ही येथे याच प्रश्नाच्या संदर्भात करणार आहोत.

आधुनिक काळातील सर्वांत महत्त्वाचा दाखला अर्थातच बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. नेमलेल्या विषयांच्या अभ्यासास सर्व वेळ द्यावा आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करावी, अशा त्याच्या अटी होत्या. सयाजीरावांचे औदार्य निर्विवाद आहे. बाबासाहेबांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ १९२५ साली त्यांनाच कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. पण औदार्य आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औदार्य देणाऱ्याच्या मनावर व त्याच्या कारभाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असते. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा कोलंबियाच्या या पदवीधरास त्या शहरात राहण्यास जागा मिळेना. पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम महाविद्यालयाच्या पगारातून केलेली बचत, स्नेही नवल भथेना यांनी दिलेले कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर. एका विद्यार्थ्याच्या असामान्य निश्चयाने हे साधले. परंतु ज्या व्यवस्थेत शिक्षण पुरे करण्यासाठी असामान्यच असावे लागते, ती व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही.

हे बाबासाहेबांइतके कोणास उमगणार? १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होताच त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले. विज्ञान व तंत्रशिक्षण आणि परदेशी विद्यापीठांतील शिक्षण यांसाठी सरकारी तिजोरीतून दरसाल तरतूद व्हावी, ही मागणी त्यात होती. तीन लाख रुपयांची वार्षिक तरतूद मान्य झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. काही विद्यार्थी इंग्लंडलाही गेले. रकमेपेक्षा येथे तत्त्व मोठे आहे. महाराजांच्या खासगी दानाची जागा अंदाजपत्रकातील रकान्याने घेतली, कृपेचा हक्क झाला. १९५४-५५ पासूनची केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही त्याच तत्त्वाची पुढची पायरी होय.

हक्क मान्य झाला तरी हक्कदार कोण, हा वाद उरतोच. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना याचा कटू अनुभव आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात त्यांना स्थान नव्हते. महाराष्ट्र राज्याने स्थापनेच्या वर्षी, १९६० साली, नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राच्या सूचीत बौद्धांचा समावेश होण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले. धर्म बदलल्याने अस्पृश्यतेचा वारसा आणि दारिद्र्य एका रात्रीत नाहीसे होत नाही, एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास चौतीस वर्षे लागली.

महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती सुरू केली, ती २००३ साली. या योजनेचे ऋण आम्ही मानतो. परंतु २०१७ साली तिच्या लाभार्थींच्या यादीत संबंधित खात्याच्या मंत्र्यांच्या कन्येचे व वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुलांचे नाव आले, तेव्हा समाजात अस्वस्थता पसरली. जगातील पहिल्या शंभर विद्यापीठांत प्रवेश मिळविणाऱ्यास त्या वेळी उत्पन्नाची मर्यादा नव्हती. म्हणजे नियमभंग झाला होता असे नव्हे. अखेर मंत्रिमहोदयांनी आपली कन्या लाभ घेणार नसल्याचे जाहीर केले. पुढे उत्पन्नमर्यादाही आली. जो विभाग निवड करतो, त्याच विभागाच्या धुरीणांच्या घरी लाभ जाऊ नये, ही अपेक्षा केवळ कायद्याची नाही, सम्यक आजीवाचीही आहे. तसेच हेही खरे की उत्पन्न वाढले म्हणून जातीचा कलंक पुसला जात नाही. म्हणून उत्पन्नाची अट गुणवत्तेचे वा सामाजिक अन्यायाचे माप मानू नये. जागा मोजक्या असताना प्रथम कोणास द्यावे, एवढाच निर्णय तिने करावा.

तथापि, आमच्या मते सर्वांत गंभीर आघात वेगळाच आहे. २०२२ साली केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचनांत अशी तरतूद आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीस पात्र नसतील. भारताचा अभ्यास भारतातच उत्तम होईल, त्यासाठी परदेशी खर्च कशाला, असे समर्थन करण्यात आले. वरवर ते पटण्याजोगे वाटते; इतिहास मात्र उलट साक्ष देतो. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात वाचलेला निबंध भारतातील जातींविषयीच होता. त्यांचा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. १९१३ च्या करारात विषय नेमलेले होते खरे, पण भारत हा विषय वर्ज्य नव्हता. सयाजीरावांनी जे नाकारले नाही, ते प्रजासत्ताकाने नाकारावे?

आमच्या पालि अभ्यासाचेच पाहा. पालि टेक्स्ट सोसायटी १८८१ साली लंडनला स्थापन झाली. त्रिपिटकाचे रोमन लिपीतील संपादन तिने केले. गोमंतकात जन्मलेले आचार्य धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले ते विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठीच. आपल्या भूमीतून लुप्त झालेल्या धम्माची कागदपत्रे जगभर विखुरली आहेत. शिवाय आपल्या समाजव्यवस्थेवर निर्भयपणे बोलण्यासाठी कधी कधी तिच्यापासून काही योजने दूर बसावे लागते. दलित विद्यार्थ्याने परदेशी जावे, यंत्रशास्त्र शिकावे, परंतु आपल्या पूर्वजांच्या यातनांचा अभ्यास करू नये, असे म्हणणे म्हणजे चित्त-संभूतांना तक्षशिलेत प्रवेश देऊन त्यांच्या बोलीस बंदी करणे होय.

विषयाच्या अटीबरोबर निधीचा प्रश्न येतो. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या या शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी ४० जणांनाच प्रथम तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील, असे कळविण्यात आले. परदेशी विद्यापीठाचे सत्र कोणासाठी थांबत नाही. गुणवत्ता सिद्ध करूनही 'निधी उपलब्ध झाल्यास' या तीन शब्दांवर ज्याचे वर्ष टांगले जाते, त्याच्या हक्काची पुन्हा कृपाच होते.

म्हणून न्याय्य शिष्यवृत्तीच्या आम्ही तीन कसोट्या मानतो. निवडीचे निकष व याद्या सर्वांस खुल्या असाव्यात आणि निवड करणाऱ्यांच्या आप्तांनी स्वतःहून दूर राहावे. निवड होण्यापूर्वी निधी राखून ठेवलेला असावा. आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याचे असावे. यांपैकी तिसरी कसोटी विसरली, तर पहिल्या दोहोंचे मोल उरत नाही. विहारांतील अभ्यासवर्गांनी अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना मार्गदर्शन करताना या तिन्ही कसोट्यांवर शासनास लेखी प्रश्न विचारीत राहावे. १९४२ च्या मागणीची सुरुवातही एका लेखी निवेदनानेच झाली होती.