एकरी 25,000 गोळ्या

कल्याण, मुरबाड, शहापूरकडच्या भातशेतीचा विषय निघाला की एक मत ठरल्यासारखे ऐकू येते. विद्यापीठाने तंत्र दिले, कृषी सहायकाने बांधावर येऊन समजावले, प्रात्यक्षिकेही झाली. तरी शेतकरी वाडवडिलांची रीत सोडत नाही. तेव्हा दोष त्याच्या मनोवृत्तीत आहे, प्रबोधन वाढवा. हे मत बहुधा कळकळीने मांडले जाते, म्हणून त्याला उत्तरही नीट द्यायला हवे.

आधी शिफारस काय मागते ते पाहू. डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भातशेती घ्या. तुसाची राख रोपवाटिकेत, गिरिपुष्पाचा पाला खाचरात, खुणांची दोरी धरून 15 आणि 25 सेंटीमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावणी, आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटीमीटर खोल. तंत्र चांगले आहे, यात मला शंका नाही. खत चिखलात खोल राहते, पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही. पण हिशेब मांडा. या अंतराने एकरात सुमारे एक लाख चूड बसतात, म्हणजे 25,000 गोळ्या. लावणी आटोपून कंबर मोडलेली असताना त्या एकेक करून हाताने चिखलात दाबायच्या.

आणि लावणीचे दिवस साऱ्या गावाचे एकच. पाऊस लागला की प्रत्येक खाचराला त्याच बायका हव्या असतात. घरची तरणी माणसे भिवंडीच्या गोदामांत नाहीतर डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांत. रोप रोपवाटिकेत जुने झाले तर उतारा घटतो, हे शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. म्हणून तो दोरी बाजूला ठेवून अंदाजाने भराभर लावून घेतो. हा अडाणीपणा नव्हे, हाती असलेल्या मनुष्यबळाचा चोख हिशेब आहे.

याहून खोल अडचण जमिनीची आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही, लावणीही नाही; गादीवाफे एकदा करायचे आणि पुढची अनेक वर्षे न नांगरता त्यावरच पीक घ्यायचे. मजुरीचा प्रश्न त्याने बराच सुटतो. मात्र खर्च पहिल्या वर्षी, आणि माती सुधारल्याचे फळ पुढे. कल्याणच्या आसपास कसणाऱ्याला पुढचे वर्ष कुठे दिसते? इथली 27 गावे 1983मध्ये महापालिकेत गेली, 2002मध्ये बाहेर आली, 2015मध्ये पुन्हा आत. कितीतरी खाचरे विकली गेलेली किंवा विकायची म्हणून ठेवलेली आहेत, आणि ती दुसराच कोणी अर्धलीने कसतो. करार तोंडी, कारण 1948च्या कुळकायद्याची धास्ती मालकाला आजही आहे. कागद केला तर कूळ लागेल. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला अनुदान मिळणे कठीण. बांधावर गिरिपुष्प लावावे, तर पाला निघेपर्यंत शेत हाती राहील याची खात्री नाही. त्याने कोणाच्या जमिनीत पैसा पुरावा?

परंपरेला चिकटण्याचा आरोपही नवा नाही. इथला शेतकरी झाडे छाटून त्यांच्या पाल्या-फांद्यांनी रोपवाटिकेची जागा, म्हणजे राब, भाजतो, म्हणून इंग्रजी अमदानीत वनखात्याने त्याला आवळले. ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1885मध्ये वन आयोग नेमावा लागला. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला, तो 1912मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती राख नव्हे, तर मातीला लागलेली धगही रोपाला बळ देते, असे त्यातून दिसले. राबाने झाडांचे नुकसान होते, हे खरेच. पण त्या रीतीमागे विचार होता.

उलट बियाणे पाहा. जया, रत्ना, मग कर्जत संशोधन केंद्राचे वाण शेतकऱ्याने घरात घेतले, कारण पिशवी बदलली तरी मजूर वाढत नाहीत आणि फळ त्याच हंगामात दिसते. ज्याने बियाणे बदलले त्याला बदलाचा तिटकारा आहे, असे कसे म्हणावे?

प्रबोधन निरर्थक आहे, असे मी म्हणत नाही. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून तरंगणारे पोचट बी काढून टाकणे, याला मूठभर मीठ आणि थोडा वेळ लागतो. एवढेही जिथे होत नसेल, तिथे सांगणे कमी पडले हे मी मान्य करीन. पण मिठाची शिफारस आणि 25,000 गोळ्यांची शिफारस एकाच पत्रकात, एकाच सुरात छापली जाते, आणि दोन्ही न पाळणारा एकाच यादीत बसतो.

प्रात्यक्षिकाच्या फलकावर उतारा लिहितात. त्याच फलकावर किती माणसांचे किती दिवस लागले, हेही लिहावे. आणि नीती आयोगाने 2016मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा जो नमुना कायदा पुढे ठेवला, त्यात मालकाची मालकी अबाधित राखून कसणाऱ्याला कागद देण्याची वाट आहे. ठाणे जिल्ह्यात या कागदाची निकड कृषी खात्याने महसूल खात्याकडे मांडली पाहिजे. त्याशिवाय गादीवाफ्याची शिफारस ज्याच्या हातात नांगर आहे त्याच्यासाठी नाहीच.