शूरांच्या भाषेतला लंगोट

कुठलीही भाषा आधी स्वयंपाकघरात रांगते आणि मग रणांगणावर जाते. आई, भात, पाणी हे शब्द आधी. तोफ, तह, खंडणी हे नंतर. क्लिंगॉन भाषेचं सगळंच उलटं. ती जन्मली तीच रणांगणावर, आणि घराचा पत्ता मागाहून विचारू लागली.

क्लिंगॉन म्हणजे 'स्टार ट्रेक' या अमेरिकन चित्रमालिकेतले, कपाळावर उंचवटे असलेले लढवय्ये परग्रहवासी. १९७९च्या चित्रपटात नट जेम्स डूहान यांनी त्यांच्या तोंडी चार शब्द घातले. १९८४च्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञांनी त्यावरून रीतसर भाषा रचली आणि १९८५ साली तिचा शब्दकोशही काढला. भाषा परकी वाटावी म्हणून वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता: 'आंबा खातो बंडू.' त्यातला 'ड' मात्र थेट आपला, जीभ टाळूला लावून म्हणायचा!

या भाषेत 'या, बसा' नाही. कुणी भेटलं की 'नुकनेख?' म्हणजे 'काय पाहिजे?' आपल्याकडे ही प्रथा फक्त काही निवडक दुकानदारांनी जपली आहे. १९९१च्या चित्रपटात हॅम्लेटचं सुप्रसिद्ध वाक्य हवं होतं, तर 'असणे' हे क्रियापदच नाही! शेवटी 'चालू राहणे'वर भागवलं. १९९६ साली सबंध 'हॅम्लेट'सुद्धा क्लिंगॉनमध्ये आलं.

पण शेक्सपिअर परवडला, तान्हं बाळ नाही. त्याच दशकात एका अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाशी जन्मापासून क्लिंगॉन बोलायचं ठरवलं. अंतराळयानाला शब्द होता. दुधाच्या बाटलीला नव्हता, लंगोटाला नव्हता. आपल्या मराठीत एकच लंगोट पहिलवानालाही होतो आणि बाळालाही. तीनेक वर्षांत पोराने त्या भाषेत उत्तर देणं सोडलं आणि बापाने हट्ट.

मग शब्द पाडावेत की! पण तिथे ती सोय नाही. मान्यता फक्त ओक्रँडच्या शब्दांना. १९९२ साली पेनसिल्व्हेनियात स्थापन झालेल्या क्लिंगॉन भाषासंस्थेची मंडळी वार्षिक मेळाव्यासाठी हव्या त्या शब्दांची यादी करतात. ओक्रँड म्हणे मॉल्ट्झ नावाच्या कैदी क्लिंगॉनला विचारून उत्तर आणतात! तो कैदीही मिश्कील असावा. गिटारला त्याने 'लेष्पाल' म्हटलं, म्हणजे गिटारवादक लेस पॉल साक्षात.

शब्द असे हळूहळू वाढताहेत. पण मेळावा वर्षातून एकदा, आणि बाळ काही तेवढं थांबत नाही.