न पाहिलेल्या मालाचा सौदा

गिरणा नदीच्या कांठच्या भडगांवांत आज घरबसल्या हातांतल्या फोनवर साडी निवडली जाते, पैसे माल हातीं पडल्यावर दिले जातात, आणि रंग चित्राहून निराळा निघाला तर ती परतहि जाते. यास लोक नव्या युगाचा चमत्कार म्हणतात. यंत्र नवें आहे खरें. परंतु डोळ्यांनीं न पाहिलेल्या मालाचा सौदा खानदेशास दीडशें वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. त्यांतलें भांडणहि तेंच आहे: माल खोटा निघाला तर तोटा कोणाच्या पदरीं पडावयाचा?

त्या काळीं माल उलट दिशेनें जात असे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनीं हिंदुस्थानाकडे धांव घेतली. तेथील गिरणीवाला खानदेशचें शेत कधीं पाहत नसे. गांठीवरील खूण आणि मधल्या दलालांचा शब्द, एवढ्यावरच त्याचा भरंवसा. हा भरंवसा लवकरच झिजला. कापूस भिजवावयाचा, त्यांत सरकी ठेवावयाची, माती मिसळावयाची, जुना माल नव्यांत दडपावयाचा. वजन वाढविण्याचे हे प्रकार शेतापासून बंदरापर्यंत कोठेंहि होऊं शकत. १८६३ सालीं मुंबई सरकारनें कापसांतील लबाडीविरुद्ध कायदा करून तपासनीस नेमले. खानदेशचे कलेक्टर अॅशबर्नर यांनीं हिंगणघाटचें बीं आणवून त्याचा प्रसार केला, तोहि बऱ्याच सक्तीनें. भडगांवास पुढें सरकारी प्रयोगशेतहि निघालें. हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. परंतु गिरणीस कोणता धागा हवा, हें जितक्या आस्थेनें पाहिलें गेलें, तितक्या आस्थेनें कुणब्यास कोणतें पीक परवडतें हें पाहिलें गेलें नाहीं.

१८६५ सालीं इराणी आखातांतून गेलेल्या तारेनें हिंदुस्थान युरोपास जोडला गेला. १८७० सालीं सुवेझकडून समुद्राखालची तार मुंबईस पोंचली. लिव्हरपूलचा भाव कळावयास पूर्वीं टपालाच्या बोटीची वाट पाहावी लागे, तो आतां तारेनें पेढीवर येऊं लागला. ज्यास भाव आधीं कळे, त्याचा हात सौद्यांत वर राही, आणि तारेचा कागद नांगरधाऱ्याच्या हातीं थोडाच पडत होता! त्याच १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि मुंबईंतील सट्टेवाल्या कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या बसल्या.

घरगुती गिऱ्हाइकास दूरच्या दुकानाचा माल मिळण्याची सोय टपालखात्यानें केली. १८७७ सालीं ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत सुरू झाली, आणि ‘व्ही. पी.नें मागवा’ हे शब्द मराठी मासिकांच्या जाहिरातींत रुळले. पोस्टमननें पार्सल द्यावयाचें, किंमत वसूल करावयाची आणि खात्यानें ती दुकानदारास पोंचवावयाची. मात्र पैसे मोजल्यावांचून पार्सल उघडतां येत नसे. गिऱ्हाईक तें नाकारूं शके, पण न पाहतांच! पुढें २०१० सालीं फ्लिपकार्टनें ‘माल पोंचल्यावर पैसे’ ही सोय काढली, तेव्हां जुन्या व्ही. पी.सच नवा अंगरखा चढला. भर पडली ती माल पाहून परत करण्याच्या मुभेची. २०२० च्या ग्राहकसंरक्षण नियमांनीं तर असेंहि ठरविलें कीं, अशा दुकानानें तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी व महिन्याभरांत तिचा निकाल लावावा.

विकत घेणाऱ्याची बाजू अशी भक्कम होत आली. विकणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट निराळी. भारतीय कापूस निगमाच्या खरेदींत कापसांतील ओलावा यंत्रानें मोजतात. आठ टक्क्यांवर गेला कीं किमतींत कपात, आणि बारावर गेला कीं माल नापास. १८६३ सालच्या तपासनिसाहून हें मोजमाप पुष्कळ न्याय्य आहे, कारण यंत्रास संशय घेतां येत नाहीं. परंतु साडी परत करणाऱ्या बाईस तिचे पैसे मिळतात. नापास झालेली गाडी मात्र शेतकऱ्यास आपल्याच भाड्यानें घरीं न्यावी लागते, नाहींतर वाटेंत खाजगी व्यापाऱ्यास मिळेल त्या भावानें द्यावी लागते.